गच्चीवरच्या अ‍ॅक्वापोनिक्ससाठी टाकी आणि वाफे निवडताना: तयारीची यादी

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर टाकीत मासे आणि वाफ्यात रोपे वाढवणे. त्याच्या टाकीसाठी पिंप पाहायला जाताना ते कोणत्या प्लास्टिकचे आहे हे विचारण्याआधी त्यात पूर्वी काय भरलेले होते, हे विचारावे. भंगारवाल्याकडे मिळणारे 200 लिटरचे निळे पिंप बहुधा एचडीपीईचेच (जास्त घनतेच्या पॉलिथिनचे) असते आणि एचडीपीई माशांना निर्धोक असते. परंतु हेच प्लास्टिक द्रावके आणि तेलकट रसायने स्वतःत मुरवून घेते व पुढे दीर्घकाळ थोडी थोडी पाण्यात सोडत राहते, त्यामुळे आतून लखलखीत घासलेले पिंपही विश्वासाचे असतेच असे नाही. लोखंडी पिंजऱ्यातल्या 1000 लिटरच्या टाकीलाही हेच लागू आहे. लेबल खरवडून काढलेले असेल, तर विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये. पिंपात कडकडीत नव्हे, पण चांगले गरम पाणी भरून झाकण रात्रभर घट्ट लावून ठेवावे आणि सकाळी उघडताक्षणी वास घ्यावा. मी पहिल्यांदा आणलेल्या पिंपाला दुकानात कसलाही वास नव्हता. गरम पाण्याने मात्र थिनरचा वास बाहेर काढला आणि ते पिंप कचऱ्यासाठी ठेवावे लागले.

त्यानंतर तळाशी असलेल्या त्रिकोणातला आकडा पाहावा. 2 म्हणजे एचडीपीई, 4 म्हणजे एलडीपीई (कमी घनतेचे पॉलिथिन) आणि 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन; हे तिन्ही चालतात. 6 आणि 7 या आकड्यांची भांडी घेऊ नयेत, कारण 7 मध्ये नाना प्रकारची प्लास्टिके येतात आणि नेमके काय आहे ते कळत नाही. नवीन टाकी घेणार असाल, तर पिण्याच्या पाण्यासाठीची, आयएस 12701 हे भारतीय मानक असलेली टाकी घ्यावी. नळ्यांसाठी आयएस 4985 चे यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी) पाइप योग्य ठरतात. जुने पाइप मात्र वापरू नयेत, कारण पूर्वी पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगे सर्रास मिसळली जात आणि त्यांवर बंधने आणणारे केंद्राचे नियम 2021 मध्ये आले.

धातूंच्या बाबतीत आपली घरगुती समजूत बाजूला ठेवावी लागते. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण कौतुकाने पितो, पण तेच तांबे अत्यल्प प्रमाणातही माशांना आणि त्याहून अधिक गोगलगाईंना घातक ठरते. म्हणून तांब्या-पितळेचे घंगाळच नव्हे, तर पितळी व्हॉल्व्ह आणि नळाच्या तोट्यादेखील या पाण्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या टाक्या सुरुवातीला निर्दोष वाटतात, परंतु माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे जीवाणूंकडून नायट्रेट होत असताना पाण्याचा सामू (पीएच) हळूहळू उतरतो आणि पाणी आम्लधर्मी होत गेले की जस्त अधिक विरघळू लागते. स्टेनलेस स्टील चालते, पण खिशाला जड जाते.

सिमेंटच्या हौदाची अडचण नेमकी उलट आहे. नव्या सिमेंटातून चुना सुटतो, सामू चढतो आणि चढत्या सामूत अमोनिया अधिक विषारी होतो. काही आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून सामू स्थिर होईपर्यंत थांबावे, किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचा इपॉक्सी लेप द्यावा. वाफ्यातल्या खडीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर ती चुनखडीयुक्त आहे आणि तीही सामू चढवते. आपल्याकडची बेसाल्टची काळी खडी सहसा या परीक्षेत उतरते.

लाकडी चौकटीत अस्तर घालायचे असल्यास शेततळ्यासाठी वापरला जाणारा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घ्यावा, छताच्या जलरोधनासाठीचे अस्तर घेऊ नये. वाळवीरोधक रसायन लावलेले लाकूड, आतून डांबर किंवा रंग लावलेले भांडे आणि फटी बुजवायचे बुरशीरोधक सिलिकॉन, ही तिन्ही टाळावीत. मत्स्यालयासाठीचे सिलिकॉन वेगळे मिळते.

टाकी पारदर्शक असेल तर शेवाळ येते, म्हणून बाहेरून गडद रंग द्यावा. वजनाचा हिशेब मात्र टाकी वर चढवण्याआधीच करावा: राहत्या इमारतीच्या वापरत्या गच्चीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला 150 किलो भार धरलेला असतो, तर पिंजऱ्यातली 1000 लिटरची भरलेली टाकी त्याच जागेवर 800 किलोंहून अधिक भार टाकते. त्यामुळे गच्चीवर उथळ, पसरट भांडी घ्यावीत आणि खालच्या स्लॅबविषयी अभियंत्याला विचारावे.

शेवटी भांडे साबणाशिवाय धुवून उन्हात वाळवावे आणि त्यात दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन घालवलेले पाणी भरून दोन-चार गप्पी मासे आठवडाभर ठेवावेत. महापालिकेने टँकरने पाठवलेल्या किंवा क्लोरामाइन (नुसते उघडे ठेवून सहज न उडणारे क्लोरीनचे संयुग) मिसळलेल्या पाण्याची शंका असेल, तर आधी क्लोरीन काढणारे द्रव्य वापरावे. त्याच पाण्याची, तेवढेच गप्पी असलेली काचेची बरणी शेजारी ठेवायला विसरू नये, कारण दोन्हीकडचे मासे दगावले तर दोष पाण्याचा असतो आणि फक्त टाकीतले दगावले तर टाकीचा.