माशांच्या टाकीतलं पाणी फिरवायला नेमकं काय घ्यायचं?

बरेच जण आधी फिल्टर आणतात आणि मग त्यात कुठले मासे टिकतील ते शोधत बसतात, हे उलटं करा. फायटर (बेट्टा) माशाला जोराचा प्रवाह अजिबात नको असतो, त्याचे ते लांब पर पाण्याबरोबर ओढले जातात आणि बिचारा दिवसभर कोपरा धरून बसतो. गोल्डफिश घाण खूप करतात, त्यांना फिल्टर दणकटच लागतो. समुद्री प्रवाळांचा हिशोब वेगळाच, तिथे फिल्टरवर भागत नाही, वेव्हमेकर (टाकीत लाटांसारखा प्रवाह करणारा पंप) लावावाच लागतो.

आता आकडे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 1000, आले लिटर. म्हणजे 60 बाय 30 बाय 30 ची टाकी कागदावर 54 लिटरची, पण खाली रेती आणि वर सोडलेली जागा धरून उंची 22 च भरली तर पाणी 40 लिटरच्या आसपासच असतं. गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत तासाला हे पाणी 4-5 वेळा फिरलं की पुरे, म्हणजे 200 लिटर. पण बॉक्सवर 200 लिहिलंय म्हणून तोच उचलू नका!! तो आकडा बहुतेक वेळा स्पंज वगैरे न भरता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो, आणि पुढे स्पंज चोंदला की अजून कमी होतो. 300 वाला घ्या, जोर कमी-जास्त करता येणारा मिळाला तर उत्तमच. खरा आकडा बघायचाय तर आउटलेटखाली (फिल्टरमधून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाखाली) 1 लिटरची बाटली धरा, 15 सेकंदात भरली तर तासाला 240 लिटर.

खाली संप (मुख्य टाकीखालची फिल्टरची वेगळी टाकी) ठेवणार असाल तर पंपाचा मॅक्स हेड, म्हणजे तो पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवतो ते, नीट वाचा. 1.5 मीटर लिहिलंय म्हणजे त्या उंचीला पाणी पोचतं पण बाहेर येत नाही, शून्य. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

छोट्या टाकीला, पिल्लांना, झिंग्यांना माझं मत सरळ स्पंज फिल्टर आणि एअर पंप. स्वस्त, काही ओढलं जायची भीती नाही, आणि ऑक्सिजनही मिळतो, तो बुडबुड्यांतून कमी आणि वरचं पाणी हलल्यामुळे जास्त. मोठ्या टाकीला कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) छान, फक्त लाईट बराच वेळ गेली तर आत बंद पाण्यातले बॅक्टेरिया ऑक्सिजनविना मरायला लागतात, मग चालू करण्याआधी उघडून आतलं घाण पाणी फेकायचं. टाकीतल्या झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देत असाल तर पृष्ठभाग फार खळखळवू नका, गॅस उडून जातो.

लावून झालं की चिमूटभर बारीक खाद्य टाका आणि बघत बसा. एखाद्या दगडामागे कण साचून तिथेच पडून राहिले तर तिथे पाणी पोचत नाहीये, लगेच नवीन पंप घ्यायला धावू नका, आउटलेटचं तोंड जरा वळवून बघा. उलट मासे सतत धडपडत पोहतायत तर स्प्रे बार (ओळीने भोकं असलेली नळी) लावा नाहीतर धार काचेवर मारा, जोर मोडतो.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका, लाईट गेली की पाणी उलटं पंपात येतं. आणि वायर प्लगच्या खाली लोंबती सोडा म्हणजे ओघळ आला तर तिथूनच गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.