मान, अंगठा, गुडघा दुखतोय? घरच्या घरी हाताने आराम कसा द्यावा

सोलापूरच्या पूर्वभागात दुखणं तीन भाषांत कानावर येतं. कुणी ‘दुखतंय’ म्हणतं, कुणी तेलुगूत ‘नोप्पी’, कुणी कन्नडमध्ये ‘नोवू’. बोट मात्र बहुतेकांचं एकाच जागी जातं, मानेच्या बुडाशी. माझ्या आईचंही तिथेच जायचं. मांडीवर सूप घेऊन तिने आयुष्यभर विड्या वळल्या. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत मान खाली. रात्री मी तिचा खांदा अंगातला सगळा जोर लावून चोळायचे. सकाळी दुखणं पुन्हा हजर, कधी कधी वाढलेलंही. पुढे फिजिओथेरपी शिकले तेव्हा लक्षात आलं की मी फार जोरात, फार भरभर आणि विचार न करता चोळत होते.

म्हणून सुरुवात हात न लावण्यापासून करा. आधी विचारा: ताप आहे का? सांधा लाल, गरम, सुजलेला आहे का? पडल्यानंतर किंवा मार लागल्यावर दुखणं सुरू झालंय का? हातापायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा आलाय का? एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती अजिबात चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. छातीत जडपणा, घाम आणि त्यासोबत डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर तेल-बाम शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला तर तीही तातडीचीच गोष्ट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा कॅन्सरचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारूनच हात लावा.

यातलं काही नसेल तर दुखणं स्नायूचं आहे की सांध्याचं, ते पाहा. स्नायूचं दुखणं पसरट असतं. बोटाने चाचपलं की दोरीसारखी कडक पट्टी लागते आणि दाबल्यावर माणूस ‘हां, हेच!’ म्हणतो. सांध्याचं दुखणं खोल, आतून येतं. हालचाल एखाद्या दिशेला अडते, सकाळी आखडलेपण असतं. हाताच्या बोटांचे सांधे सुजून रोज सकाळी तासभर आखडत असतील तर तो संधिवात असू शकतो. रक्त तपासून घ्या. घरी करताना एक नियम पाळा: दाबायचं ते स्नायूला, सांध्याला नाही.

आता शेक. आपल्या गावात यासाठी वेगळं काही विकत आणायला नको. जाड सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग दुखऱ्या भागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना पायावर शेक देऊ नका. चटका बसला तरी त्यांना कळत नाही. नुकतीच मुरगळ असेल तर पहिले दोन-तीन दिवस शेक आणि चोळणं दोन्ही टाळा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा.

मानेसाठी माणसाला खुर्चीवर बसवा आणि दोन्ही हात मांडीवरच्या उशीवर टेकवा. हात लोंबकळत राहिले तर खांदा सैल पडतच नाही. तेलाचे चार थेंब पुरतात. ज्वारीचं पीठ मळताना तळव्याचा जाड भाग वापरतो ना, त्यानेच मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत दोन-तीन मिनिटं सावकाश फिरवा. मग कडक पट्टी शोधून अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि दाब हळूहळू वाढवा. विचारत राहा, ‘दहापैकी किती दुखतंय?’ पाच म्हणाले की थांबा आणि तेवढाच दाब तीस सेकंद ते एक मिनिट धरून ठेवा. दुखणं पाचावरून तीन-दोनवर उतरताना त्यांनाच जाणवेल. नाही उतरलं तर सोडून द्या, जोर वाढवू नका. अशा तीन-चार जागा पुरेत. मानेच्या पुढच्या बाजूला आणि मधल्या मणक्यांवर अंगठा टेकवायचा नाही.

गाठ फुटली, नस मोकळी झाली असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात मुख्यतः मज्जासंस्था शांत होते आणि स्नायू ढिला सोडते. हा आराम काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतो. त्या मोकळ्या वेळेत हालचाल केली नाही तर सगळी मेहनत वाया. म्हणून दाबून झालं की लगेच हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची, दहा वेळा. खांद्याची पाती मागे एकमेकांजवळ आणायची, दहा वेळा. आईला मी सांगितलं होतं, दर शंभर विड्यांनंतर सूप बाजूला ठेवून एवढं करायचंच.

विडीकाम करणाऱ्या बायकांचा अंगठ्याच्या बुडाचा त्रास वेगळा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हळूच वाकवा. तिथे चर्रकन कळ आली तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या (कंडरेच्या) आवरणाला सूज असण्याची शक्यता मोठी. द क्वेर्वें नावाच्या स्विस सर्जनने 1895 मध्ये याचं वर्णन केलं. ती दुखरी जागा चोळू नका, सूज वाढते. कोपराखालचा स्नायू हलक्या हाताने सैल करा, विडीची पानं कापायच्या कात्रीला काही दिवस सुट्टी द्या, पट्टा बांधा.

मागावर उभं राहून पोटऱ्या आणि कंबर भरून येणाऱ्यांनी टेनिसचा चेंडू मोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरावा आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना सावकाश फिरवावा.

गुडघ्याची वाटीही रगडू नका. मांडीचा पुढचा स्नायू तळव्याने सैल करा, मग पाय पसरून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्याने तो खाली दाबून पाच सेकंद धरा. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

एक कळकळीची विनंती: केस कापून झाल्यावर मान कटकन मोडून घेऊ नका. झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. ‘सरकलेली गादी एका झटक्यात बसवतो’ म्हणणाऱ्याच्या हातीही पाठ देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर सिव्हिलच्या हाडांच्या विभागात किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना कामाला बसल्यावरचा, बाजूने काढलेला एक फोटो मोबाईलमध्ये न्या: सूप मांडीवर, मान खाली, पाठ वाकलेली. एक्स-रेत जे दिसत नाही ते पुष्कळदा त्या फोटोत दिसतं.