हँक आरनच्या ७१५व्या होम रनची आठवण विकत घेताना

८ एप्रिल १९७४ च्या रात्री अटलांटात अमेरिकी बेसबॉलपटू हँक आरनने प्रतिस्पर्धी डॉजर्स संघाच्या अल डाउनिंगने टाकलेला चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला आणि बेब रूथचा कारकिर्दीतल्या ७१४ होम रनचा विक्रम मोडला. तो चेंडू झेलला आरनच्याच संघातल्या टॉम हाउसने आणि धावत जाऊन त्याच्या हातात दिला. त्यामुळे ‘हाच तो चेंडू’ म्हणून कोणी काही विकायला काढलं, तर पुढचं ऐकूच नका.

आपल्या आवाक्यात येते ती सही. २२ जानेवारी २०२१ ला आरनचं निधन झालं, पण हयातीत त्याने भरपूर सह्या दिल्या. बाजारात त्या मिळतात, म्हणूनच घाई नको.

आधी वस्तू ठरवा. फोटो स्वस्त पडतो, बॅट महाग. माझी पसंती आरन आणि डाउनिंग या दोघांच्या सह्या असलेल्या चेंडूला: मारणारा आणि मार खाणारा एकाच चामड्यावर! त्या रात्री दोघांच्याही पाठीवर ४४ हाच क्रमांक होता.

मग चेंडूवरचा कंपनीचा छापा वाचा. १९७४ मध्ये नॅशनल लीगचे, म्हणजे आरनचा संघ खेळायचा त्या लीगचे, चेंडू स्पॉल्डिंग कंपनीचे असत; रॉलिंग्जचे आले १९७७ पासून. रॉलिंग्जच्या चेंडूवरची सही अस्सल असू शकते, कारण आरन पुढेही अनेक वर्षं सह्या देत होता. पण ‘त्याच हंगामात मैदानाबाहेर घेतलेली सही’ अशी कहाणी सोबत असेल, तर ती खोटी.

खरी मेहनत पुढे आहे. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम राबवली. तिच्यात खोट्या सह्यांबरोबर खोटी प्रमाणपत्रंही सापडली. म्हणून विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीचा प्रमाणपत्र क्रमांक मागा, तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. नोंद दोन सह्यांची आहे की एकीची, हेही बघा. नुसतं स्टिकर दुसऱ्या वस्तूवरून काढून चिकटवलेलं असू शकतं.

बॅरी बाँड्सचा कारकिर्दीतला ७५६वा होम रन (२००७) किंवा ॲरन जजचा एकाच हंगामातला ६२वा (२०२२) अशा अलीकडच्या विक्रमांच्या वस्तू घ्यायच्या असतील, तर मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक बेसबॉल लीगचा, होलोग्राम बघा. ही व्यवस्था २००१ पासूनची. लीगचा माणूस मैदानावर हजर राहून वस्तूची नोंद करतो. मात्र नोंद नीट वाचा. चेंडू सामन्यात वापरला, एवढंच तिच्यात असेल तर सहीचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

घरी आल्यावर चेंडू अतिनील किरण अडवणाऱ्या डबीत, उन्हापासून लांब ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, तेव्हा डबीशेजारी सिलिका जेलची पुडी हवीच. पावती जपून ठेवा. आणि सही फिकी पडली तरी वरून पेन फिरवू नका. गिरवलेल्या सहीला गिऱ्हाईक मिळत नाही.