फुटपाथ ते भाड्याची खोली : सोबत करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्या माणसाला किंवा कुटुंबाला निवाऱ्यात आणायचं आणि तिथून स्वतःच्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचवायचं, असं तुमच्या गटाने मनावर घेतलं असेल, तर ही यादी तुमच्यासाठी आहे. महाराष्ट्रातली मोठी शहरं, त्यातही मुंबई, डोळ्यांपुढे ठेवून ती केली आहे. बहुतेक कामं माणूस निवाऱ्यात येण्याआधी किंवा आल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करायची आहेत. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. झोपायला जागा मिळाली की सगळे हुश्श करतात, कागदपत्रांचा विषय सहा महिन्यांनी निघतो, आणि तोवर तो माणूस पुन्हा त्याच पुलाखाली गेलेला असतो.

आधी मागायचं काय, ते माहीत हवं. दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा, ही अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या आदेशांपासून आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठीची निवारा योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास-न्हाणी, अंथरूण-पांघरूण, प्रथमोपचार, स्वयंपाकाची सोय हे सगळं लिहिलेलं आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे त्याच हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. बेघर मोजले गेले 57 हजारांहून जास्त. आज निवारे त्या सव्वाशेच्या जवळपासही नाहीत. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात बोलायला जाल तेव्हा हे तोंडपाठ असू द्या, कारण तुम्ही कोणाची मेहेरबानी मागायला गेलेला नसता.

मग निवारा स्वतः पाहून या, आणि दिवसा नाही, रात्री. रात्री संडासात पाणी असतं का, बायकांच्या बाजूला उजेड आहे का, दार किती वाजता बंद होतं, पंखे चालतात का, हे रात्रीच कळतं. पावसाळ्यात छत गळतं का, तेही विचारा. आपल्या डोक्यात रैनबसेऱ्याची, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्याची, कल्पना दिल्लीच्या थंडीवरून आलेली आहे, पण मुंबईत आणि कोकणपट्टीत माणसाचे खरे हाल जून ते सप्टेंबर होतात. ताडपत्री उडते, चूल विझते, अंथरूण दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून जागेची बोलणी मे महिन्याआधी संपवा.

निवारा असूनही लोक तिथे का जात नाहीत, यावर थोडं थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘त्यांना रस्त्याचीच सवय झालीय’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि ते मला अजिबात पटत नाही. कारणं साधी आणि रास्त असतात. पहिलं म्हणजे बोचकं. भांडी, कपडे, देवाचा फोटो, मुलांच्या वह्या, गोळा केलेलं भंगार, हा सगळा संसार घेऊन आत येऊ देत नसतील तर तो ठेवायचा कुठे? म्हणून कुलूप लागेल असं कपाट किंवा निदान लोखंडी पेटी आधी मिळवा. दुसरं, कामाची वेळ. कचरा वेचणाऱ्या बायका पहाटे चारला बाहेर पडतात, केटरिंगवर जाणारे पुरुष रात्री एकला परततात. दहाला दार लावणारा निवारा त्यांच्या काय कामाचा? तिसरं, कुटुंबाची ताटातूट. नवरा एका ठिकाणी, बायको दुसऱ्या, बारा वर्षांचा मुलगा तिसऱ्याच संस्थेत, अशी वाटणी कोणतंही कुटुंब नाकारेल. कुटुंबाला एकत्र ठेवणारी जागा मिळत नसेल तर तसं त्यांना स्पष्ट सांगा आणि थेट खोलीच्या तयारीला लागा. पाळलेलं कुत्रं हेसुद्धा न जाण्याचं कारण असतं. त्याची सोय बघा, हसू नका.

पहिल्या भेटींत कागद मागू नका, फोटो काढू नका. काका, मावशी, दादा, ताई म्हणून शेजारी बसा आणि त्यांना काय हवं आहे ते ऐका. कोणाला गावी जायचं असतं, कोणाला फक्त पायाची जखम बरी करून हवी असते. मुलं असतील तर त्यांच्या देखत संस्थेचा किंवा बालगृहाचा विषय काढू नका. मूल धोक्यात असेल तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करायचाच, पण नुसती गरिबी हे मुलाला आईपासून तोडण्याचं कारण नाही. बाल न्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. आणखी एक गोष्ट लगेच करून ठेवा. निवाऱ्याच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर नाव, फोटो आणि ‘ही व्यक्ती आमच्या संपर्कात आहे’ असं पत्र. 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली ती दिल्लीपुरती. इथे धाडीत कोणी उचललं गेलं तर हे पत्र आणि त्यावरचा फोन नंबर उपयोगी पडतो.

आता कागदपत्रं. यासाठी वेगळी वही घाला आणि गटातल्या एकाच माणसाकडे ती जबाबदारी द्या. आधारपासून सुरुवात करा, पण नवीन काढायला धावू नका. अनेकांचं आधार एकदा निघालेलं असतं, कार्ड पावसात किंवा पालिकेच्या कारवाईत गेलेलं असतं. अशा वेळी नवा अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो आणि मधले आठवडे वाया जातात. जुनी नोंद आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून सापडू शकते. वेचक बायकांच्या आणि बांधकामावरच्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, तिथे डोळ्यांच्या बाहुलीवरून पडताळणी करा असं ठामपणे सांगा. खरोखरच आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं, आमदारांचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. तो नमुना छापून तयार ठेवा. मोबाइल नंबर जोडताना तो त्या व्यक्तीचाच असावा. कार्यकर्त्याचा नंबर जोडण्याची सोय तेवढ्यापुरती बरी वाटते, पण पुढे प्रत्येक ओटीपीसाठी तो माणूस तुमच्यावर अवलंबून राहतो.

रेशन कार्डाबाबत आधी विचारा की गावी नाव आहे का. बीड, धाराशिवकडून (पूर्वीचं उस्मानाबाद) किंवा उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्यांचं बरेचदा असतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे त्याच कार्डावर अंगठा लावून इथल्या दुकानात धान्य घेता येतं, म्हणून गावचं कार्ड रद्द करायची घाई नको. फक्त आधार जोडलेलं आहे का आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का, ते तपासा.

मतदार यादीत नाव घालायला घराचा पुरावा लागेलच असं नाही. बेघर माणसाने सहा नंबरच्या फॉर्ममध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो माणूस तिथे खरंच झोपतो का ते पाहतो. ही तरतूद निवडणूक आयोगाचीच आहे, पण खिडकीवरच्या प्रत्येकाला ती ठाऊक असेल असं धरून चालू नका.

बँक खात्यासाठी पूर्ण कागद नसले तरी ‘छोटं खातं’ उघडता येतं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा एवढ्यावर ते सुरू होतं. त्यात एका वेळी 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, वर्षाला एक लाखापर्यंत जमा आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत उचल चालते. पहिल्या वर्षात ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर मुदत आणखी वर्षभर वाढते. खातं लवकर उघडायचं, कारण पुढचं बरंच काही त्यावरच येतं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे 1500 रुपये, क्षयरुग्णाच्या आहाराचे नोव्हेंबर 2024 पासून मिळणारे महिन्याचे 1000 रुपये, मजुरी, आणि डिपॉझिटची बचत. निराधार योजनेसाठी राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. रस्त्यावर राहिलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? तरी हॉस्पिटलचे जुने केसपेपर, मुलांच्या शाळेचे दाखले, कोर्टाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या पावत्या, जे सापडेल ते गोळा करा आणि तहसील कार्यालयात नेऊन दाखवा.

प्रकृतीचं काम कागदांसोबतच चालू असावं. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकीची तपासणी पहिल्याच आठवड्यात. क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि साधारण सहा महिने चालतात. माणूस निवारा सोडून दुसरीकडे गेला की ते तुटतात, म्हणून निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. तो क्रमांक दाखवला की दुसऱ्या केंद्रावर औषध पुढे चालू होतं. चष्मा, दात, पायाच्या जखमा, रक्तदाब, साखर हेही बघा. हॉस्पिटलात ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतो, तेव्हा कोणाचं नाव सांगायचं ते आधीच त्या माणसाला विचारून लिहून ठेवा.

मानसिक आजाराच्या बाबतीत फार जपून वागायला हवं. स्वतःशी बोलत फिरणाऱ्या, केस जटा झालेल्या माणसाला जबरदस्तीने गाडीत घालून कुठेतरी सोडून येणं म्हणजे मदत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं आणि 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून कुटुंबाचा शोध घेणंही त्यातच येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. अहिल्यानगरजवळ (पूर्वीचं अहमदनगर) शिंगव्याला धामणे दांपत्याचं माउली प्रतिष्ठान निराधार, आजारी स्त्रियांना सांभाळतं. पण सगळ्यांनाच घरी परत जायचं नसतं किंवा जाता येत नाही. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने अशा स्त्रियांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरं घेतली आणि चार-पाच जणींना एकत्र राहायला सोबत दिली. मला हीच दिशा बरोबर वाटते, मोठ्या इमारतीत शंभर खाटा लावण्यापेक्षा. सल्ला हवा असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो.

कमाईचं बोलताना त्यांची सध्याची कमाई मोडू नका. रोजच्या मजुरीसाठी नाक्यावर जाणारा माणूस नाक्यावरच जाऊ दे, फक्त ठेकेदाराकडून 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र मिळवून बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवा. असंघटित कामगारांसाठीचं ई-श्रम कार्डही काढून घ्या. बचत मात्र निवाऱ्यात आल्यापासून सुरू व्हावी, रोज पन्नास रुपये का होईना, आणि त्याच्या स्वतःच्या खात्यात. डिपॉझिटची सगळी रक्कम तुम्ही भरू नका. अर्धी त्यांची असेल तर खोली त्यांची वाटते, आणि घरमालकापुढे बोलतानाही तो फरक दिसतो.

खोली शोधताना कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल एवढं अंतर धरा. शहराबाहेरची स्वस्त खोली रोजच्या प्रवासात महाग पडते. घरमालकाला खोटं सांगू नका, पण माणसाची सगळी कहाणीही त्याच्यापुढे मांडू नका. भाडं वेळेवर येईल आणि अडचण आली तर अमुक व्यक्तीला फोन करा, एवढं पुरतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी शुल्क शहरात 1000 रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटचा थोडा हिशेब. मालक टाळत असेल तर तो खर्च तुमच्या गटाने उचलावा, कारण हाच कागद पुढे पत्त्याचा पुरावा होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तेव्हा सोबत तुम्ही जा.

राहायला जाण्याच्या दिवशी खोलीत काय असावं? चटया, मच्छरदाणी, दोन बादल्या, झाकणाचा पाण्याचा पिंप, दोन किल्ल्यांचं चांगलं कुलूप, बल्ब, आठवड्याचा किराणा आणि गॅस. पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा करता आला पाहिजे.

यानंतरचे तीन-चार महिने सगळ्यात नाजूक असतात. फुटपाथवर चोवीस तास माणसं असतात, खोलीत भिंती असतात. कित्येक जण रात्री जुन्या जागी जाऊन बसतात. त्यांना रागावू नका, जुन्या सोबत्यांनाच खोलीवर जेवायला बोलवा असं सुचवा. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा भेट ठेवा, नंतर एकदा. एक-दोन भाडी चुकणार असं धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवा, ती कोणत्या अटीवर द्यायची तेही गटात आधी ठरवून घ्या. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाशी बोलून ठेवा की गरज पडली तर परत यायला दार उघडं आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची शाळा मध्येच बदलू नका, अंगणवाडीतलं नाव मात्र नव्या वस्तीत लगेच घाला.

शेवटचं काम तारखेचं. असे करार बहुधा 11 महिन्यांचे असतात. नवव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाला भेटा, पुढचं भाडं किती वाढणार ते विचारा आणि डिपॉझिट नव्या करारात धरलं जाईल हे लिहून घ्या. मालक तयार नसेल तर दुसरी खोली बघायला दोन महिने हातात राहतात. ही तारीख त्या कुटुंबाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहून ठेवा, आणि तुमच्या वहीतही.