यादी पाठ होती, तरी पावात हॅम आलं

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पोहोचून तीनच दिवस झाले होते. कॉलेजजवळच्या एका बारमध्ये (तिकडचा बार म्हणजे चहाची टपरी, नाश्त्याचं हॉटेल आणि दारूचा गुत्ता, तिन्ही एकात) मी ऐटीत 'बोकादियो सिन कार्ने' मागितलं. सिन कार्ने म्हणजे मांसाशिवाय. पुण्यातल्या स्पॅनिशच्या क्लासची खाद्यपदार्थांची यादी मी घोकून घोकून पाठ केली होती. समोर लांबुळका पाव आला, आत टोमॅटो आणि वर खामोनच्या, म्हणजे हॅमच्या, गुलाबी चकत्या. काउंटरवरच्या मावशींना दाखवलं तर त्यांनाच नवल वाटलं. "अगं, हे कार्ने कुठे? हे तर खामोन!"

शब्द बरोबर होता, पण त्यात तिथले लोक काय धरतात आणि काय नाही, हे यादीत नव्हतं. तुम्ही शाकाहारी असाल तर वाक्य पूर्ण म्हणा: नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन. मी मांस, मासे, हॅम खात नाही. 'एन्सालादा मिक्स्ता' ही कोशिंबीर वाटते, पण तिच्यात बहुतेक वेळा ट्यूना असतो. साल्मोरेखो या गार टोमॅटो सूपवर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरलेलं येतं. 'मान्तेका'ने तर मला हमखास फसवलं असतं. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी, स्पेनमध्ये डुकराची चरबी. स्पेनमध्ये लोण्याला मान्तेकिया म्हणायचं.

मग मी एक गोष्ट केली: वहीतला मधला, इंग्रजीचा रकाना खोडून टाकला. इंग्रजीत 'हॉट' म्हणजे गरम की तिखट हा घोळ असतो. आपल्याकडे नाही आणि स्पॅनिशमध्येही नाही. कालिएन्ते म्हणजे गरम, पिकान्ते म्हणजे तिखट. मिटलं. 'मे गुस्ता एल आर्रोथ' हे वाक्य इंग्रजीतून शिकणारे महिनाभर उलटंसुलटं करत बसतात. आपण सरळ 'मला भात आवडतो' म्हणावं. अनेकवचन आलं की आपण 'आवडतात' म्हणतो, ते म्हणतात गुस्तान. लिंगाचंही आपल्याला भय नाही, फक्त दूध तिकडे स्त्रीलिंगी आहे, ला लेचे. ते माझ्या तोंडी बसायला फार वेळ लागला.

कॉफी मागताना 'मला मिळू शकेल का' वगैरे नम्रपणा लागत नाही. 'मे पोनेस उन कोर्तादो' म्हणायचं. पोनेर म्हणजे ठेवणं, टाकणं; आपण टपरीवर 'दोन चहा टाक रे' म्हणतो, अगदी तसंच. आणि कोर्तादो म्हणजे कापलेला! आपलं कटिंग अर्ध्या ग्लासाचं, त्यांची कॉफी थोड्याशा दुधाने 'कापलेली'.

काही शब्द ओळखीचे निघतात. नारांखा म्हणजे संत्रं. आपलं नारिंग फारसी-अरबीतून फिरत तिथे पोहोचलं. आथूकारही तसाच, शर्करेपासून निघालेला आपल्या साखरेचा भाऊ. पण ओळखीचा शब्द दिसला म्हणून भुलू नका. बटाटा आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, आणि स्पॅनिशमधला बाताता मात्र रताळं! बटाट्याला स्पेनमध्ये पाताता, लॅटिन अमेरिकेत पापा. रसाला स्पेनमध्ये थूमो, लॅटिन अमेरिकेत खूगो. तोर्तिया स्पेनमध्ये बटाटा-अंड्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची पोळी. म्हणून कुठल्या देशात जाणार ते आधी ठरवा आणि यादी त्या देशाची करा.

जेवणाच्या वेळांचंही तेच. पुस्तकात आल्मुएर्थो म्हणजे दुपारचं जेवण होतं. व्हॅलेन्सियात ते सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, भलामोठा पाव आणि सोबत ऑलिव्ह. दुपारचं जेवण म्हणजे ला कोमिदा, तेही दोननंतर. पहिल्या आठवड्यात मैत्रिणीने आल्मुएर्थोला बोलावलं आणि मी एक वाजता पोहोचले.

खरा सराव मात्र बाजारात झाला. १९२८ साली उघडलेलं इथलं मेर्कादो थेन्त्राल मोठं देखणं आहे, पण मी जायची ती आमच्या गल्लीजवळच्या छोट्या मंडईत. आल्या आल्या 'किएन एस एल उल्तिमो?' विचारायचं, म्हणजे शेवटचा नंबर कोणाचा. रांग दिसत नाही, पण प्रत्येकाला आपला नंबर पक्का ठाऊक असतो. मग 'क्वार्तो इ मिताद' ऑलिव्ह मागायचे: पाव किलो आणि पावाचं अर्धं, म्हणजे ३७५ ग्रॅम. पावशेर-अदपाव ऐकत वाढलेल्या माझ्या आजीला हे फोनवर सांगितलं, तर तिने क्षणात हिशेब करून सांगितला आणि विचारलं, "भाव काय?"