व्यायाम करताना नाडी कशी मोजावी

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी भरभर चालून थांबताक्षणी मनगटावर अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटे हलकेच टेकवून १५ सेकंदांतील ठोके मोजावेत आणि त्यांना ४ ने गुणावे. विश्रांती मिळताच ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून येथे विलंब नको. २२० मधून वय वजा केल्यास कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. पन्नाशीत तो १७० येतो. मध्यम व्यायामाला त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ८५ ते ११९ ठोके पुरेत. खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात मात्र अंग थंड राखण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त वळत असल्याने त्याच चालीला ठोके वाढतात. तेव्हा, माझ्या मते, पहाटेच चालावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मंदावतात; त्या घेणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.