गळ न घालता आगळ विकायचं तर या चुका टाळा

आमच्या विक्रीच्या वहीत शेवटचा रकाना आहे: ‘कुणी सांगितलं?’ नवं गिऱ्हाईक आलं की नाव, नंबर, काय नेलं हे लिहून झाल्यावर मी हा प्रश्न विचारते आणि उत्तर तिथे टिपून ठेवते. गोव्यात फोंड्याजवळ आमच्या घराच्या मागच्या पडवीत सासूबाई आणि मी कोकमाचं आगळ (सोलकढीत घालायचा खारट रस), सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली), शाकुतीचा मसाला आणि मे महिन्यात मांगाड (आंब्याचा जॅम) करतो. जाहिरातीवर आजवर पैसा घातलेला नाही. घालायला नव्हताही, हे आधीच सांगून टाकते.

वर्षभराने तो रकाना एका बैठकीत वाचला आणि चाट पडले. निम्म्याहून जास्त नवी गिऱ्हाइकं चारच माणसांनी पाठवलेली: वाड्यावरचा गिरणीवाला, मुलाच्या शाळेतल्या एक बाई, मुंबईला असलेली नणंद, आणि घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देणारे एक काका. या चौघांना मी कधी ‘जरा आमचं सांगा हां’ म्हटलं नव्हतं. आणि ज्यांच्या मागे लागले होते, ज्यांच्या घरी फुकट बाटल्या पोचवून आले होते, त्यांचं नाव अख्ख्या रकान्यात कुठे नाही.

गोव्यात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला कुणीतरी ओळखीचं निघतं. माल बरा असेल तर नाव घेणारे मिळतात. पण त्यांच्या तोंडून निघालेलं नाव आपल्या दारापर्यंत येताना वाटेत कुठेतरी सांडतं. पुढच्या चुका त्या सांडण्याच्या आहेत, आणि बहुतेक मी स्वतः करून बसलेय.

‘ब्रॉडकास्ट टाकलं, एकाचंही उत्तर नाही’

पहिल्या वर्षी दीडशे नंबर जमवले, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, ‘यंदाचं आगळ तयार आहे’ असा फोटोसकट मेसेज टाकला आणि फोनकडे बघत बसले. सात जणांनी उत्तर दिलं. वाटलं, भाव जास्त झाला, लोकांना आता आगळ नको, सगळे बाटलीबंद सरबतं पितात.

खरं कारण भाच्याने दोन मिनिटांत दाखवलं. ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. आपण त्यांचा सेव्ह करून उपयोग नसतो. टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा, माहिती उघडा, कुणाकुणाला पोचला ती यादी दिसते. माझ्या दीडशेपैकी तिसाच्या आसपास होते. म्हणजे तिसांतल्या सातांनी उत्तर दिलेलं, आणि मी इकडे भाव उतरवायच्या गोष्टी करत होते! (एका लिस्टमध्ये 256 नंबरच बसतात, हेही ध्यानात ठेवा.)

आता पैसे घेताना मी म्हणते, ‘आमचा नंबर सेव्ह करा, नाव घाला आगळ फोंडा.’ माझं नाव घालू नका, मालाचं घाला. वर्षभराने त्या माणसाला माझं नाव आठवणार नाही. आगळ संपलं की तो फोनमध्ये ‘आगळ’ शोधणार. मग त्याच्याच फोनवरून मला एक मेसेज टाकायला सांगते, म्हणजे नंबर दोन्हीकडे बसतो.

आणि न विचारता कुणाला ग्रुपमध्ये ओढू नका. सकाळचे फुलांचे फोटो, एकादशीच्या शुभेच्छा, मधूनच मसाल्याची किंमत असं सुरू झालं की लोक आवाज बंद करून ठेवतात, आणि मे महिन्यातला कामाचा मेसेजही त्यात बुडतो. मी वर्षाला चारच मेसेज टाकते, आणि ते कधी टाकायचे हे मी ठरवत नाही, इथलं वर्ष ठरवतं. एप्रिल-मे म्हणजे पुरुमेंताचे दिवस: पावसाआधी घरात मिरच्या, सोलं, सुकी मासळी भरून ठेवायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, ती काही कुणी जाहिरात केल्याने नव्हे. दुसरा मेसेज चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, तिसरा चवथ आटपून मुंबई-पुण्याची माणसं परत निघतात तेव्हा, चौथा दिवाळीला.

‘एकदा नेलं, पुन्हा आलेच नाहीत’

या चुकीवर थोडं थांबते, कारण ही मला सगळ्यात महाग पडली.

भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली मिठात घालून ठेवल्या की जो रस सुटतो ते आगळ. खारट, आंबट, गडद तांबडं, त्यात साखरेचा कण नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, म्हणून बाटलीवर मी नुसतं ‘कोकम आगळ’ लिहीत होते. एका नोव्हेंबरात खोल्यावाल्या काकांकडे उतरलेलं एक जोडपं दोन बाटल्या घेऊन गेलं. घरी जाऊन त्यांनी ते ग्लासात ओतलं, थंड पाणी घातलं, सरबत म्हणून पाहुण्यांना दिलं. आठ दिवसांनी गूगलवर एक तारा: ‘खराब झालेला माल, नुसतं मीठ.’

माझा पारा चढला. मी भलंमोठं उत्तर लिहिलं, त्यात आगळ म्हणजे काय, आमच्या सासूबाई किती वर्षं करतात, तुम्हांला माहीत नसेल तर विचारायचं होतं, असं सगळं. मुलाने वाचलं आणि म्हणाला, ‘आई, हे वाचून कोण येईल आपल्याकडे?’ पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी तीन ओळी लिहिल्या: चूक आमची, बाटलीवर लिहायला हवं होतं, हे सोलकढीचं खारट आगळ आहे, एका वाटी नारळाच्या रसाला दोन चमचे घाला, वरून मीठ नको. त्या माणसाने तारे काही वाढवले नाहीत. पण पुढे आलेल्या दोघा-तिघांनी ‘ते उत्तर वाचून आलो’ असं सांगितलं, तेही रकान्यात आहे.

त्यानंतर लेबल बदललं. मोठ्या अक्षरांत ‘सोलकढीसाठी, खारट’, खाली वाटी-चमच्याचं माप, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. गंमत म्हणजे याचा फायदा इथल्याच गिऱ्हाइकांत जास्त झाला. तरुण मुलींना माप माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.

माल करणाऱ्याला जे उघड वाटतं तेच गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. आपलं नाव सांगणाऱ्याच्या तोंडात एखादं वाक्य आयतं असावं लागतं. आमचा गिरणीवाला म्हणतो, ‘त्या बायकडे जा, तिचं आगळ खारट असतं, पण कढी फक्कड होते.’ याहून चांगली ओळ मला पैसे देऊन मिळाली नसती. तुमच्या मालाबद्दल लोक काय म्हणतात ते कान देऊन ऐका आणि तेच शब्द लेबलावर घाला. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ हे कुणी कुणाला फोनवर सांगत नाही.

लेबलाचाच विषय निघालाय तर: खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी करा आणि तो 14 आकडी क्रमांक बाटलीवर छापा. दुकान किंवा हॉटेल पहिल्यांदा तोच बघतं. आणि मांगाडात मानकुराद आंबा नसेल तर मानकुराद लिहू नका. 2023 पासून गोव्याच्या मानकुरादला भौगोलिक मानांकन आहे, हा एक भाग. दुसरा म्हणजे इथे जीभच परीक्षा घेते. एकदा खोटं पकडलं गेलं की तीही गोष्ट तोंडोतोंडीच पसरते.

‘फोन करतात, पण घर सापडत नाही म्हणून परत जातात’

आपले पत्ते कसे असतात ते तुम्हांला माहीत आहे. घर क्रमांक, अमुक वाडा, देवळाच्या मागे, वडाकडून डावीकडे. गावच्या माणसाला पुरतं, बाहेरच्याला नाही. गूगल नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते, ती केलीत तर पिन नेमकी फाटकावर ठेवा. आमची पिन वर्षभर शेजारच्या कुळागरात होती आणि माणसं पोफळीच्या झाडांत उभी राहून फोन करायची. नकाशावर बोट दाबून धरलं की प्लस कोड नावाचा एक छोटा कोड मिळतो. तो व्हॉट्सअ‍ॅपच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात घालून ठेवा.

वेळाही खऱ्या लिहा. पावसात तुम्ही दुपारनंतर माल देत नसाल तर तसं लिहा, चवथीला पाच दिवस बंद असाल तर तसं. बंद दारावरून परत गेलेला माणूस, ज्याने त्याला पाठवलं त्याच्यावरच आधी चिडतो, आणि मग तो पाठवणाराही पुढच्या वेळी गप्प बसतो.

अभिप्राय मागताना ‘पाच तारे द्या, दहा टक्के सूट’ असलं काही करू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही वास येतो. मी महिन्याभराने एवढंच विचारते: ‘कढी कशी झाली?’ ज्याला लिहायचं तो लिहितो.

‘जत्रेच्या फेरीत गर्दी होती, विक्री नाही’

पहिल्या वर्षी मी फेरीत, म्हणजे जत्रेत भरणाऱ्या बाजारात, टेबलापुढे उभी राहून चमच्याने आगळ चाखायला देत होते. ‘या ना बाय, बघा तरी.’ बायका मान खाली घालून बाजूने जायच्या. ज्यांनी चाखलं त्यांची तोंडं वाकडी झाली. नुसतं आगळ चमच्याने कोण खातं? दुसऱ्या वर्षी टेबलावर एक पातेलं ठेवलं, लसूण-मिरची ठेचून घातलेली कढी, ग्लासाला दहा रुपये. मी मागे स्टुलावर बसले. लोक ग्लास संपवून स्वतःच विचारायला लागले, ‘ही कशी केली?’ फुकट ठेवली असती तर विचारलं नसतं, असं माझं मत. सासूबाईंचं मत वेगळं आहे: त्यांच्या मते जत्रेत कढी फुकटच द्यायला हवी.

कमिशन आणि नातेवाईक

टॅक्सीवाल्याला, खोल्यावाल्याला बाटलीमागे कमिशन लावलं की भाव चढतो आणि त्याची शिफारस ही विक्री होऊन बसते. खोल्यावाल्या काकांना मी काही देत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात एक बाटली कायम असते आणि ते ती स्वतःच्या जेवणात वापरतात, एवढंच. नातेवाइकांना मात्र पहिल्याच वर्षी सांगून टाका की भाव सगळ्यांना एक. नणंदेकडून पैसे घेताना मला घाम फुटला होता. पण पैसे देऊन नेते म्हणूनच ती शेजारणींना संकोच न करता सांगते.

तिच्याकडे माल बसच्या पार्सलातून जातो. सुरुवातीच्या दोन खेपांत बाटल्या गळल्या, कुणाची तरी सुटकेस तांबडी झाली. आता बूच लावण्याआधी तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा, वरून चिकटपट्टी, मग बाटली पिशवीत आणि पिशवी वर्तमानपत्रात.

‘मोठी ऑर्डर आली आणि त्यातच अडकलो’

धंदा तोंडोतोंडी वाढला की एक दिवस दुकानदाराचा फोन येतो. माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरचे पैसे पाच महिन्यांनी आले, तेही चार फेऱ्या मारल्यावर. त्या काळात बाटल्या घ्यायला हातात पैसा नव्हता, आणि वर्षभर येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ‘संपलं’ सांगत होते. ज्यांनी नाव काढलं त्यांनाच रिकाम्या हाताने पाठवलं.

दोन गोष्टी तेव्हा माहीत असत्या तर बरं झालं असतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते. ती करून देतो म्हणून कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. आणि 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, ती मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर केला तर चक्रवाढ व्याज लागतं. कोर्टात जायची वेळ क्वचितच येते, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘45 दिवसांत’ एवढं छापलं की दुकानदाराचा सूर बदलतो. तोंडी ठरलं असेल तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: किती बाटल्या, काय भाव, पैसे कधी.

गेल्या जूनमध्ये एका दुकानाने 200 बाटल्या मागितल्या. भिरंडांचा मोसम संपलेला, घरात 240 उरलेल्या. मी म्हटलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ठेवून 40 नेता येतील, बाकी पुढच्या मेमध्ये. त्यांनी 40 पण नेल्या नाहीत. उरलेल्या सगळ्या चवथ संपायच्या आत पडवीतूनच गेल्या.